फ्रिजवरची अर्जित रजा

"फ्रिजवरचं काही हलवू नकोस!" तानाजी पेडणेकर बाथरूममधून ओरडला.

नंदाचा हात हवेतच थांबला. गोणपाटात, खोक्यांत आणि चादरींच्या गाठोड्यांत संसार भरायला तिने सकाळपासून सुरुवात केली होती आणि फ्रिजवरच्या टोपलीपर्यंत ती आत्ता कुठे पोचली होती.

"अहो, कांदे आहेत नुसते."

"कांदे नाहीत ते! अर्जित रजा आहे!"

पाठोपाठ तानाजी स्वतः बाहेर आला. कमरेला टॉवेल, एका कानाला साबण. त्याने टोपली नंदाच्या हातातून काढून घेतली, मोडकी कड भिंतीकडे करून जशीच्या तशी जागेवर ठेवली आणि डोळे मिटून पुटपुटला, "साठवता येते... मर्यादेपर्यंत... निवृत्तीच्या वेळी रोखीकरण... हां. आहे. वाचली."

"आणि पिठाच्या डब्यात काय आहे?" नंदाने विचारलं. "नाही, विचारून ठेवते. पोळ्या करायच्यात."

"अर्धपगारी रजा. पीठ घे तू, डबा तेवढा सरकवू नकोस."

हे पाहून कुणाला वाटेल की गड्याला वेड लागलं. तसं काही नव्हतं. तानाजीची परीक्षा जवळ आली होती.

ठाण्यातल्या एका सरकारी कार्यालयात तो लिपिक होता. बढतीसाठी असते ती खात्याची परीक्षा तो दोनदा नापास झाला होता, आणि या खेपेलाही आपटला तर त्याच्या डोक्यावर ऋतुराज येऊन बसणार होता. ऋतुराज म्हणजे परवा परवा नोकरीला लागलेला पोरगा. फाइलला टॅग कसा बांधायचा हे त्याला तानाजीनेच शिकवलेलं. त्याला आता 'सर' म्हणायचं, या कल्पनेनेच तानाजीला ऑफिसातला चहा कडू लागायचा.

दुसरं दुखणं याहून नाजूक होतं. पहिल्या वेळी पेपर इतका सोपा वाटला की निकालाची वाट न बघता त्याने वर्तकनगरातल्या आपल्या चार मजली बिल्डिंगमध्ये घरोघर पेढे वाटले. तेव्हापासून सगळी बिल्डिंग त्याला 'साहेब' म्हणू लागली. पुढे निकाल लागला. पण वाटलेले पेढे परत मागायची पद्धत आपल्याकडे नाही. तानाजी गप्प बसला आणि साहेबपण तसंच अंगाला चिकटून राहिलं.

तिसऱ्या खेपेला त्याच्या अभ्यासात लेकीने लक्ष घातलं. ऐश्वर्या मानसशास्त्र घेऊन बीए करत होती. बाप नियमांचं पुस्तक मांडीवर घेऊन पिवळ्या पेनाने ओळी रंगवतोय, हे तिने दोन वर्षं पाहिलं होतं. पुस्तकात आता पांढरी ओळ शोधावी लागत होती.

"बाबा, तू वाचत नाहीयेस. तू पुस्तक रंगवतोयस."

"पाठ झालंय सगळं. कुठलंही पान काढ, ओळखीचं वाटतं."

"ओळखीचं वाटणं म्हणजे लक्षात राहणं नाही. पहिल्या मजल्यावरच्या चष्मेवाल्या काकांचा चेहरा रोज बघतोस ना? नाव सांग."

तानाजीने डोकं खाजवलं. याच काकांनी दर गणपतीत त्याच्या हातावर खिरापत ठेवली होती.

"बघ," ऐश्वर्या म्हणाली. "पुस्तक बंद करायचं आणि डोक्यातून काढायचं. नाही आठवलं तर कुथायचं, पण लगेच पान उघडायचं नाही. दोन दिवसांनी परत काढायचं. आणि जे फारच कोरडं आहे ना, ते घरातल्या एकेका जागेवर ठेवून द्यायचं. मग मनातल्या मनात घरात शिरायचं आणि एकेक उचलत जायचं. मेंदूला नियम आवडत नाहीत रे बाबा, त्याला घरं आवडतात."

तानाजीला हे भलतंच पटलं. त्याने दारामागच्या खुंटीवर बदलीचे नियम अडकवले, कारण तिथे त्याची प्रवासाची पिशवी असायची. वडिलांच्या आरामखुर्चीत निवृत्तिवेतन बसवलं. छताला ऐश्वर्याच्या पाळण्याची कडी अजून होती, तिला प्रसूती रजा टांगली. निलंबन गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीवर लोंबत ठेवलं आणि त्या काळात मिळणारा निर्वाह भत्ता तांदळाच्या पिंपात घातला. कडी नीट न लागणाऱ्या बाथरूमच्या दारावर शिस्तभंग आला. रोज संध्याकाळी तो हात मागे बांधून घरात फेऱ्या मारू लागला, आणि चमत्कार असा की खरोखरच सगळं आठवू लागलं. ऐन चाळिशीत आपल्याला डोकं आहे हे कळल्याचा आनंद त्याला झाला होता आणि तो त्याच्या चालण्यातही दिसत होता.

तेवढ्यात जिन्याखाली नोटीस लागली. बिल्डिंग पाडून तिथे टॉवर व्हायचा होता. करार झाले होते, भाड्याची घरं ठरली होती, आणि सगळ्यांनी दहा तारखेपर्यंत जागा खाली करून चाव्या द्यायच्या होत्या. तानाजीची परीक्षा वीस तारखेला होती.

"वीसपर्यंत मी इथून हलणार नाही," तो नंदाला म्हणाला.

नंदाने मानपाड्याला बहिणीच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये भाड्याचं घर पाहून ठेवलं होतं. या घरात लग्न होऊन आल्यापासून तिच्या ओट्यासमोर भिंत होती, आणि त्या भिंतीला बारमाही ओल. नव्या घराकडे ती कधीची डोळे लावून बसली होती.

"अगं, सामान हललं तर माझ्या डोक्यातलं सगळं सांडेल!"

"बाबा, घर डोक्यात असतं," ऐश्वर्या समजावत होती. "ते बाहेर उभं असायची गरज नाही."

तानाजीने तेही करून पाहिलं. कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन त्याने डोळे मिटले, मनातल्या घराचं दार उघडलं, खुंटीपर्यंत पोचला, तोच टपरीवाला म्हणाला, "साहेब, कटिंग की फुल्ल?" आणि बदली, निलंबन, निर्वाह भत्ता, सगळं वाफेसारखं उडून गेलं. घर उभं पाहिजे आणि सामानासकट पाहिजे, असं तानाजीने तिथेच नक्की केलं. फुल्ल घेतला.

अकरा तारखेला सोसायटीचे सेक्रेटरी कुंडलिकराव साळवे चावी न्यायला आले. निवृत्त पोस्टमास्तर, बोलणं शिक्क्यासारखं स्पष्ट. ते चौथ्या मजल्यावरून सावकाश उतरले, आत आले आणि थेट आरामखुर्चीत बसले. निवृत्तिवेतन त्यांच्याखाली सापडलं होतं.

"साहेब, बहुतेकांच्या चाव्या आल्या. तुमची राहिली आहे."

"मला जरा वेळ हवाय."

"काही अडचण?"

आता काय सांगणार? साहेब परीक्षेला बसतोय म्हणून सांगितलं तर आधीच्या पेढ्यांचं काय करायचं? "काही मुद्दे आहेत," तानाजी म्हणाला. "वीस तारखेपर्यंत थांबा."

कुंडलिकरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुम्ही सरकारी अधिकारी. तुम्ही काही पाहिल्याशिवाय असं बोलणार नाही," एवढं म्हणून ते विचारात पडलेले जिना चढून गेले.

जिन्यात त्यांना तिसऱ्या मजल्यावरचा रवींद्र भेटला. रवींद्रचं सामान टेम्पोत चढत होतं. साहेबांना काही मुद्दे आहेत, हे ऐकल्याबरोबर त्याने टेम्पोवाल्याला हात केला, "ए, उतरव सगळं!" आणि तसाच तानाजीच्या घरात येऊन तांदळाच्या पिंपावर बसला.

"साहेब, काय सापडलं?"

"काही नाही रे. आणि त्या पिंपावरून ऊठ आधी."

"मला तरी सांगा. करारात गडबड आहे ना? मी तर सहीच्या वेळीच बोललेलो, एवढे गोड बोलतायत म्हणजे लफडा आहे."

"मला आत्ता काही सांगता येत नाही."

रवींद्रने भिंतींकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "समजलो. भिंतीला कान असतात."

भिंतीला कान असतील नसतील, सोसायटीच्या ग्रुपला तोंडं भरपूर होती. संध्याकाळपर्यंत घोडबंदर रोडला, कळव्याला, डोंबिवलीला पांगलेले सगळे सभासद जागे झाले. साहेबांनी कागद तपासलेत. साहेब वीसला काहीतरी करणार. कुणीतरी हाताच्या मुठीचं चित्र टाकलं. चष्मेवाल्या काकांनी आपली दिलेली चावी परत मागितली आणि भाड्याच्या घरातून एक गादी घेऊन ते पहिल्या मजल्यावर राहायला आले.

बिल्डरच्या ऑफिसातून प्रियांका नावाची हसतमुख मुलगी मिठाईचा खोका घेऊन हजर झाली. तिने खोका फ्रिजवर, कांद्यांच्या टोपलीला रेटून ठेवला. तानाजीने डोळे मिटून घेतले.

"सर, तुम्हाला कव्हर्ड पार्किंग देऊ आम्ही."

"माझ्याकडे सायकलसुद्धा नाही."

"वरचा मजला? तलावाच्या बाजूचा?"

"मला काही नको. फक्त वीस तारखेपर्यंत वेळ द्या."

प्रियांकाचं हसू जरा बारीक झालं. "सर, वीसला काय आहे?"

तानाजी खोक्यामागे अर्जित रजा शाबूत आहे का, हे मनात तपासत होता.

"त्यांना काय विचारताय?" आतून नंदाचा आवाज आला. हातातलं लाटणं घेऊनच ती बाहेर आली. "मला विचारा! मला ओट्यासमोर खिडकी पाहिजे. उघडणारी! तुमच्या त्या नकाशात किचनला नुसतं एक्झॉस्टचं भोक ठेवलंय!"

प्रियांकाने ऑफिसात जाऊन सांगितलं, की माणूस कशाला बधत नाही, वीस तारखेला बहुतेक कोर्टात जाणार, आणि बाई किचनच्या खिडकीवर केस उभी करतायत. बिल्डरने म्हणे त्याच दिवशी दोन वकील बसवले.

रविवारी रवींद्रने आवारात सभाच लावली. तानाजीला खुर्चीवर उभं केलं. समोर पाच-पंचवीस माणसं, सगळी आपल्यासाठी गावभरातून आलेली. तानाजीला काय बोलावं सुचेना, तेव्हा जे पाठ होतं तेच तोंडातून बाहेर आलं, "निलंबनाच्या काळातही कर्मचाऱ्याला निर्वाह भत्ता नाकारता येत नाही!"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग रवींद्र ओरडला, "बरोबर आहे!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

तानाजी घरी येऊन पलंगावर आडवा पडला. काय करून बसलो आपण, असं त्याला झालं. एवढ्यात दारात कुणीतरी धाप टाकत उभं राहिलं. शांताबाई होत्या, कुंडलिकरावांच्या पत्नी. दोन्ही गुडघे गेलेले. एका हाताने कठडा धरून, एकेका पायरीवर बसत त्या दोन मजले उतरून आल्या होत्या.

"काकी! तुम्ही कशाला आलात? मला बोलवायचं."

"बोलावलं असतं तर साहेब आला असता. मला तानाजी पाहिजे होता." त्या उंबऱ्यावरच बसल्या. "आमचे हे म्हणतात, सगळ्यांच्या चाव्या आल्याबिगर सेक्रेटरीने घर सोडायचं नसतं. तवर मी चौथ्या मजल्यावर. पाण्याची मोटर काढून नेलीय, ह्यांना या वयात बादल्या न्याव्या लागतात. लिफ्टच्या घरात एकदा जायचंय रे मला, पाय हायेत तवर. आता खरं सांग, काय आहे वीसला?"

तानाजीला फार लाज वाटली. त्याने सगळं सांगून टाकलं. परीक्षा, दोनदा नापास, खुंटीवरची बदली, फ्रिजवरची रजा. आणि मान खाली घालून म्हणाला, "ते पेढे खोटे होते, काकी."

"म्हाईत हाय की. सगळ्या बिल्डिंगला म्हाईत हाय."

"काय?"

"अरे, पास झालेला माणूस पेढा देताना समोरच्याच्या तोंडाकडे बघतो. तू पेढ्याकडे बघत होतास. पण एवढ्या हौसेनं दिलेलास, कोण तुझा हिरमोड करणार? म्हणलं, होईल कधीतरी साहेब. तवर आपण म्हणत राहू. म्हणता म्हणता सगळ्यांना ते खरंच वाटाय लागलं."

दारामागे उभ्या असलेल्या नंदाने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"पण काकी, हे घर मोडलं तर मी परत नापास होणार. बाहेर गेलं की काही आठवतच नाही."

शांताबाईंनी पाय लांब केले. "माझं माहेर धरणात गेलं. तेव्हा मी ऐश्वर्याएवढी होते. आता विचार मला. वेशीतून आत शिरलं की डाव्या हाताला पिंपळ, त्याच्या पुढं वाकड्या दाराचं घर, त्या घरातली म्हातारी सगळ्यांना शिव्या द्यायची. कुणाच्या चुलीला कुठल्या बाजूला टवका उडालेला, तेसुद्धा सांगते. घर पाण्यात गेलं, तरी डोक्यातून उठत नाही बाबा. उलट तेव्हाच ते पक्कं बसतं."

ऐश्वर्या आतून म्हणाली, "मी हेच सांगत होते!"

"तू पुस्तकातून सांगत होतीस," तानाजी म्हणाला, आणि खुंटीवरची चावी काढून त्याने शांताबाईंच्या हातात ठेवली. बदलीचा नियम खुंटीवरच राहिला.

दुसऱ्या दिवशी टेम्पो मानपाड्याला गेला. साहेब गेलेला पाहून रवींद्रही गेला, आणि जाताना सगळ्यांना सांगत गेला, की तडजोड झालीय, आतून झालीय.

वीस तारखेला तानाजी परीक्षेच्या हॉलमध्ये बसला. पेपर हातात आला आणि डोकं एकदम कोरं. त्याने डोळे मिटले, वर्तकनगरचा जिना चढला, दार ढकललं आणि बघतो तर घरात ही गर्दी! आरामखुर्चीत कुंडलिकराव. "साहेब, तुमचं निवृत्तिवेतन माझ्याखाली आहे, उठतो," म्हणत ते अदबीने उठले आणि अख्खं प्रकरण कलमवार त्याच्या हातात आलं. फ्रिजपाशी प्रियांका मिठाईच्या खोक्यातून अर्जित रजा काढून देत होती. उंबऱ्यावर शांताबाई पाय लांब करून बसल्या होत्या, आणि मागच्या खुंटीवर बदली जागच्या जागी होती. लाटणं घेऊन नंदा अर्धपगारी रजेवर उभी होती, तिच्या बाबतीत तर विसरायची हिंमतच नव्हती. रवींद्र मात्र पिंपावरून उठेना. "आधी सांगा, काय सापडलं?"

"ऊठ रे, भत्ता दे माझा!" तानाजी म्हणाला. मोठ्याने म्हणाला. सगळ्या हॉलने वळून पाहिलं आणि पर्यवेक्षकांनी चष्म्यावरून डोळे वटारले. तानाजीने खाली मान घालून लिहायला सुरुवात केली, ती पुरवण्या जोडतच संपली.

निकाल लागला. तानाजी पास झाला, चांगल्या गुणांनी. ऑफिसात ऋतुराजने येऊन हात मिळवला आणि म्हणाला, "अभिनंदन, सर." त्या दिवशी चहा बराच गोड होता.

भूमिपूजनाला सगळे सभासद जमले. आधी प्रियांकाने माइकवरून जाहीर केलं, की रहिवाशांच्या तीव्र भावनांचा आदर करून सुधारित नकाशात प्रत्येक किचनला ओट्यासमोर मोठी, उघडणारी खिडकी देण्यात येत आहे. बायकांनी टाळ्या पिटल्या. नंदा नवऱ्याकडे अशी बघत होती, की त्याने लगेच शर्टाची कॉलर सारखी केली. रवींद्र मागून कुजबुजला, "साहेब, मानलं! पण आता तरी सांगा, नक्की काय सापडलेलं?"

समोर सपाट जमीन होती. जिना कुठे होता, यावरून म्हाताऱ्यांत वाद सुरू झाला. कुणी म्हणे इथे, कुणी म्हणे तिकडे, रस्त्याच्या बाजूला. इतकी वर्षं राहिले आणि कुणाला धड आठवेना. तेव्हा तानाजीने डोळे मिटले आणि फाटकापासून चालायला लागला. "इथे जिना. इथे आमचं दार. दारामागे खुंटी. ही आरामखुर्ची, हिचा डावा हात डगमगायचा. छताला पाळण्याची कडी. हा फ्रिज." त्याच्यामागून सगळी बिल्डिंग मातीत जपून पावलं टाकत चालली होती. उंबऱ्यापाशी आल्यावर कुंडलिकरावांनी तर पाय उचलून टाकला.

"आणि फ्रिजवर रे काय ठेवलेलंस?" शांताबाईंनी विचारलं. त्यांच्यासाठी सावलीत खुर्ची मांडली होती.

तानाजी थांबला. त्याने भुवया आवळल्या. ऐश्वर्याने सांगितलं होतं तसा पुष्कळ कुथला. मिठाईच्या खोक्यापासून मोडक्या कडेपर्यंत सगळं डोळ्यांसमोर होतं, पण परीक्षा झाली होती आणि नियम आपापल्या गावी निघून गेले होते.

"कांदे," तो म्हणाला. "कांद्यांची टोपली होती, काकी."

मग त्याने पिशवीतून खोका काढला, झाकण उघडलं आणि पहिला पेढा शांताबाईंपुढे धरला. शांताबाईंनी पेढा घेतला नाही. त्या नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. तानाजीही बघत होता, थेट त्यांच्या तोंडाकडे.

"आण," म्हणत त्यांनी आ केला.